डोंगराकडची खिडकी

त्या घरात थंडीतल्या सहलीचा विषय निघाला की तो फिरून फिरून बॉयलरपाशी येऊन विझायचा. नवरा हॉस्पिटलच्या बॉयलरवर कामाला. उन्हाळ्यात त्याला काळं कुत्रंही विचारायचं नाही, पण गारठा पडला की अख्ख्या इमारतीची ऊब त्याच्या हातात. अशा दिवसांत रजा मागणं म्हणजे ऐन लढाईत सेनापतीनं भाजी आणायला जाणं, असं त्याचंच म्हणणं. बायको ऐकून घ्यायची आणि मनातला बर्फ मनातच वितळू द्यायची.

यंदा मात्र जेवता जेवता तोच म्हणाला, "जाऊ या आपण. डोंगरात, बर्फ पडतो तिथं. बदली माणूस मिळालाय मला."

तिचा घास हातातच राहिला. तेव्हापासून तिला चैन म्हणून पडेना. बॅग काढायची, भरायची, पुन्हा रिकामी करायची. एका जागी बसली तर पाय हलायचे आणि उभी राहिली तर कशाला उठलो तेच आठवायचं नाही.

तिचं काम होतं ग्रंथालयाच्या तळघरात. फाटक्या पुस्तकांना खळ लावायची, दोरा ओवायचा, पुठ्ठा चढवायचा. डोक्यावर दिवसभर ट्यूब गुणगुणत असायची. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे वरून उतरणाऱ्यांच्या चपला बघून समजायचं. घरी एक खिडकी होती, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीला नाक लावून उभी. देवानं दिलं त्यात समाधान मानायचं, हा तिचा स्वभाव. आजवर हट्ट असा तिनं कधी केलाच नव्हता. पण आता एक चित्र डोळ्यांपुढून हलेना. सकाळी जाग यावी आणि अंथरुणातूनच पांढराशुभ्र डोंगर दिसावा. दोन हिवाळ्यांमागे न्यूमोनियानं तिला अंथरुणाला खिळवलं होतं, त्यामुळे गार वाऱ्यात फार हिंडायची डॉक्टरांनी मनाई केली होती. हिंडणं नाही तर नाही, पण बघणं तरी पोटभर व्हावं.

रविवारी धाकटी बहीण आली. तिचं पार्लर होतं आणि त्या डोंगरातल्या गावी ती दोनदा जाऊन आली होती. म्हणजे या घरापुरती ती बर्फातली तज्ज्ञच.

"ताई, बस की गं जरा! तुझ्याकडे बघून मलाच दम लागतोय," असं म्हणत तिनं पिशवीतून बूट काढले. "हे आजपासून घरात घालून हिंड, नाहीतर तिथं गेल्यावर फोड येतील."

"तुझा पाय लहान ना माझ्याहून?"

"दोन मोज्यांच्या हिशेबानं मोठेच घेतलेत. आणि ऐक, एक जाडजूड कोट चढवून गाठोडं व्हायचं नाही. पातळ पातळ तीन कपडे एकावर एक. उकडलं की एक उतरवायचा. पोचल्या दिवशी गावात एक चक्कर, चहा आणि झोप. घसरगुंडी दुसऱ्या दिवशी."

"या वयात घसरगुंडी करू? लोक हसतील."

"अगं, नवशिक्यांचा उतार वेगळा असतो. इतका सपाट, की बसायच्या घसरगाडीलाच ढकलावं लागतं. मागच्या खेपेला माझ्यापुढे एक आजोबा पेपर वाचत घसरत होते. खाली पोचेपर्यंत त्यांचं कोडं सोडवून झालं."

दोघी हसल्या. "खोली कुठली घेतलीत?" बहिणीनं विचारलं.

"हे ठरवतायत. तो काय, फोन चाललाय."

आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज येत होता. "पाणी सकाळी किती वेळात गरम होतं? नळ्या भिंतीतून गेल्यात की बाहेरून? बॉयलर किती जुना? अरे वा! साफ कधी केला होता?"

बहिणीनं कपाळावर हात मारला. "हे खोली ठरवतायत की बॉयलरची सोयरीक जमवतायत?"

एवढ्यात तो बाहेर आला, तोच मुळी लढाई जिंकल्यासारखा. "घेतली! अख्ख्या लॉजमधली सगळ्यात उबदार खोली. तळमजल्यावर, बॉयलरच्या भिंतीला भिंत लागून. मालकीणबाई द्यायलाच तयार नव्हत्या, मी पटवलं त्यांना."

"आणि खिडकी?" बायकोनं हळूच विचारलं.

"खिडकीचं काय घेऊन बसलीस? गारठा कुठून येतो? खिडकीतूनच ना! तिथं ती भानगडच नाही."

बहिणीनं तोंड उघडलं, पण ताईच्या नजरेनं ते मिटलं. "बरं," बायको म्हणाली आणि बूट कपाटात ठेवायला गेली. कपाट तिनं दोनदा उघडलं आणि दोनदा लावलं.

दुसऱ्या दिवशी तळघरात तिचं चित्त कशातच लागेना. एका जाडजूड शब्दकोशाला तिनं पुठ्ठा उलटा चिकटवला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ओली खळ खरवडताना डोळे भरून आले तशी तिला स्वतःचीच लाज वाटली. माणूस प्रेमानं ऊब देतोय आणि आपण रडतोय कशाला? पण मन काही समजूत घालून घेईना. एका तळघरातून उठायचं आणि डोंगर चढून दुसऱ्या तळघरात जाऊन निजायचं?

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून तिनं लॉजला फोन लावला.

"ती खोली होय?" मालकीणबाई संकोचल्या. "खरं सांगू का बाई, तिथं आम्ही चादरी वाळवतो. तुमच्या यजमानांनी फारच धरलं म्हणून खाट टाकते म्हटलं. वरची कोपऱ्यातली खोली आहे, पलंगाला लागूनच मोठी खिडकी, समोर डोंगर. थोडी गार असते, नाही म्हणत नाही. पण दुसरं एक कुटुंब मागतंय. आज संध्याकाळपर्यंत सांगाल?"

"वरची द्या," एवढे दोन शब्द जिभेवर आले होते. पण त्याच्या पाठीमागे काही करायची तिला सवय नव्हती. तशी मिळालेली खिडकी रोज सकाळी टोचली असती. तिनं अर्धा दिवस रजा टाकली आणि तडक हॉस्पिटल गाठलं.

बॉयलरच्या खोलीत पाऊल टाकताच कान बधिर झाले. शेजारच्या धुलाईखान्यातल्या बायका दारात पाय मोकळे करत उभ्या होत्या. तिला बघून नवरा घाबरलाच. "काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"मला वरची खोली हवीय," ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली.

"काय?"

"वरची खोली!"

"ऐकू येत नाही गं! मोठ्यानं बोल!"

उभ्या आयुष्यात तिनं आवाज चढवला नव्हता. मनात देवाचं नाव घेतलं, मुठी आवळल्या आणि ती ओरडली, "मला खिडकी पाहिजे!"

धुलाईखान्यातल्या बायका चपापून वळल्या.

"खिडकीत गारठशील!" तोही ओरडला. ओरडल्याशिवाय तिथं बोलताच येत नव्हतं. "छाती धरेल पुन्हा!"

"खिडकी बंद ठेवून, पांघरूण घेऊन बसेन! पण मला डोंगर दिसला पाहिजे! भिंती बघूनच जन्म गेला माझा!"

"आणि काही झालं तर?" त्याचा आवाज फाटला. "तू घरात एकटी तापानं फणफणत होतीस आणि मी इथं लोकांच्या खोल्या तापवत बसलो होतो! घरी आलो तेव्हा तुझे ओठ निळे पडले होते! ते ओठ डोळ्यांसमोरून जात नाहीत माझ्या!"

हे त्यानं आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. आणि बोलला तेही असं, चारचौघींसमोर, घसा ताणून. तिचा सगळा राग पायांतून उतरून गेला. हट्ट मात्र गेला नाही.

ती अगदी जवळ गेली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "तेव्हा तुम्ही नव्हता. आता बरोबर आहात ना?"

तो पान्यानं पाइपावर उगीचच टकटक करत राहिला. दारातली एक पोक्त बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, द्या की तिला खिडकी! मागून मागून काय मागितलं बिचारीनं, सोन्याचा हार?"

तो ओशाळला. बायकोचं मनगट धरून बाहेर बोळात आला आणि त्यानं फोन लावला. "नमस्कार, मीच, कालचा. ती वरची खोली... हो. तिथल्या नळ्या अर्ध्याच तापतात? हवा अडकली असणार. मी येताना पाना घेऊन येतो."

"पाना घरी राहील," ती म्हणाली.

"छोटासा गं."

"घरी राहील."

"बरं, बाई." त्यानं फोनवर हात ठेवला. "पण खिडकीच्या बाजूला मी झोपणार. वारा माझ्या अंगावर घेईन. तू माझ्यावरून बघ."

तिनं त्याच्या पोटाकडे एक नजर टाकली. "मधे हा डोंगर असताना पलीकडचा कसा दिसायचा? खिडकीशी मी. तुम्ही माझ्या पाठीला टेकून झोपा. तेवढी ऊब पुरे मला."

गळ्यातला मफलर काढून त्यानं तिच्या गळ्याभोवती गुंडाळला, जणू डोंगर या बोळातच सुरू झाला होता. फोनमधून बारीक आवाज येत होता, "हॅलो? अहो, ऐकताय ना? मग कुठली खोली लिहू?"

तिनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"वरची," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच जरा मोठा वाटला.