निरुपयोगी भावाचं प्रात्यक्षिक

पहिलवान पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात गेला, कारण तो कामात चांगला होता. वाईट असता तर आमचं जमलं असतं.

त्याचं खरं नाव त्याच्या ओळखपत्रावर आहे, पण ओळखपत्र तो शर्टाच्या आत घालतो. माझ्या भावाला उचलताना टोचू नये म्हणून. यावरूनच कळेल माणूस किती असह्य आहे. वजन पन्नास किलो असेल, तेही बुटांसकट. म्हणून दादाने त्याचं नाव पहिलवान ठेवलं आणि तो मोकळेपणाने हसला. मला दादा लहानपणापासून बोळ्या म्हणतो. मी अजून हसलेलो नाही.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. पाय लहानपणापासून चालत नाहीत, आणि सहा वर्षांपूर्वी पायांचं बघून हातांनीही काम कमी केलं. बोटांत पकड नाही. तोंड मात्र ठणठणीत, आणि त्या तोंडावरच त्याला नोकरी लागली. लिफ्टच्या कंपनीत, अडकलेल्या लोकांचे फोन घ्यायची. लिफ्ट बंद पडली की आतला माणूस लाल बटण दाबतो आणि त्याला दादाचा आवाज ऐकू येतो. "घाबरू नका, मिस्त्री निघालाय. तोवर मी आहे. मीही कुठे जात नाहीये." हे शेवटचं वाक्य चाकाच्या खुर्चीत बसून म्हणताना त्याला भारी मजा येते.

हात गेल्यापासून दादाचं सगळं मीच करायचो. आंघोळ, दाढी, कपडे, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. साडेचार वर्षं. मध्येच आईने सरकारी योजनेचा अर्ज भरला. अर्ज एकवीस पानी होता आणि उत्तर एका ओळीचं: आठवड्याला बेचाळीस तास मदतनीस मंजूर. रोज सात तास, रविवारी सुट्टी. पहिलवान आला म्हणून दादाला नोकरी धरता आली, कारण सकाळी आठला कुणीतरी त्याला तयार करून न्यायला हवं, आणि दुपारी ऑफिसात संडासलाही न्यायला हवं. दादाच्या पोटाची वेळ दीडची. त्यात तडजोड नाही.

सगळे खूश झाले. मी सोडून.

रोज सकाळी बाथरूममधून दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा. मी बाहेर उभा राहून ऐकायचो. ऐकायचो म्हणजे टॉवेल शोधायचो. टॉवेल नेमका दाराच्या फटीजवळ असेल असं मला रोज वाटायचं.

एकदा जेवताना मी म्हटलं, "ऑफिसात काय झालं?"

"सांगितलं की तुला. त्या आजीबाईंचं. लिफ्टमध्ये अडकल्या आणि मलाच धीर देत बसल्या."

"मला नाही सांगितलंस."

दादा चावता चावता थांबला. "नाही? अरे हो, पहिलवानाला सांगितलं. मला वाटलं तूच."

मला वाटलं तूच! साडेचार वर्षं मी त्या माणसाच्या कानामागचा साबण धुतला.

असं असताना वार्षिक तपासणीचं पत्र आलं. दरवर्षी एक बाई घरी येऊन बघतात की माणसाला मदत अजून लागते का, की पाय मधल्या काळात सुधारले. आईने आदल्या दिवशी सगळ्यांना बसवून सूचना दिल्या.

"विचारतील ते खरं सांगायचं. पण तोंड पाडून सांगायचं. आणि तू," माझ्याकडे वळून, "तू काही बोलू नकोस."

"मी काय बोलणार?"

"म्हणूनच."

बाई आल्या. खांद्याला मोठी पिशवी, हातात टॅब्लेट. त्यांनी दारांची रुंदी मोजली, दादाला पेला धरायला सांगितला, तो पडला, तो कसा पडला ते लिहून घेतलं. सगळं छान चाललं होतं. मग चौदावं पान आलं. "मदतनीस नसताना कोण करतं?"

"भागवतो कसंबसं," आई म्हणाली. तोंड इतकं पाडलेलं की बाईंनी तिला पाणी विचारलं.

बाईंनी हे टिपलं असतं आणि पान उलटलं असतं. पण त्यांचं लक्ष दादाच्या गळ्याकडे गेलं. "किती स्वच्छ दाढी आहे हो! हनुवटीखालीसुद्धा! कोण करतं?"

"मी, मॅडम," पहिलवान म्हणाला, तोही लाजून.

"वा! असा माणूस मिळायला भाग्य लागतं."

माझं तोंड आपोआप उघडलं. "रविवारी मी करतो."

"अस्सं?"

"आणि याच्या आधी साडेचार वर्षं एकटा करत होतो. सगळं. आंघोळ बावीस मिनिटांत. याला पस्तीस लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय."

दादा खोकला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, खोकला आल्यावर काय करायचं तेही मला येतं हे बाईंना दिसावं म्हणून.

"रोज जमेल तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"डोळे मिटून."

चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेलेल्या आईच्या हातून पातेलं पडलं. बाई मात्र लिहीत होत्या. कुणीतरी माझं म्हणणं लिहून घेतंय याचा मला इतका आनंद झाला की दुपारच्या दीडच्या संडासचंही मी कबूल करून टाकलं. मी ज्या गाद्यांच्या दुकानात कामाला आहे, ते दादाच्या ऑफिसपासून पाऊण तासावर आहे. मी म्हटलं, "जवळच आहे."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. 'कुटुंबात सक्षम काळजीवाहक उपलब्ध असल्याने एक तारखेपासून मदतीचे तास बेचाळीसऐवजी बारा करण्यात येत आहेत.' रोज दोन तास. दादाला तयार करून ऑफिसच्या दारात सोडलं की संपले.

खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं मला बरं वाटलं. पहिलवान जवळजवळ गेलाच होता. शिवाय सरकारने मला लेखी सक्षम म्हटलं होतं. दुकानाच्या मालकाने आजवर तोंडीसुद्धा म्हटलं नव्हतं.

दादाने पत्र दोनदा वाचलं. "अभिनंदन," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून मी बोळ्या राहिलो नाही. "सक्षम, पाणी दे. सक्षम, पंखा बंद कर." मी बोळ्याच्या आठवणीने व्याकूळ झालो.

आम्ही एक दिवस करून बघितलं. मी दुकानात जेवणाची सुट्टी सांगून सव्वाला निघालो. दोनला पोचलो. दादाच्या पोटाने वाट बघितली नव्हती. दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता, कानाला हेडफोन, आणि कुणाला तरी सांगत होता, "घाबरू नका. होतं असं." त्याच्या आवाजात काही फरक नव्हता. शेजारच्या टेबलावरचे दोघे मन लावून दुसरीकडे बघत होते.

घरी आल्यावर त्याने राजीनामा द्यायचं ठरवलं. आई रडली. मीही रडलो असतो, पण तेवढ्यात कळलं की राजीनाम्याचं पत्र त्याने पहिलवानाकडून लिहून घेतलंय. माझं अक्षर काय वाईट आहे?

"तारीख टाकू नकोस," मी म्हटलं. "पंधरा दिवसांत हरकत घेता येते. पत्राच्या मागे लिहिलंय."

हरकतीच्या खिडकीवर एक कारकून बसला होता. त्याने पत्र वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तक्रार काय?"

"मी सक्षम नाही."

"आजारी आहात?"

"नाही. फक्त वाईट आहे. या कामात."

"वाईटसाठी रकाना नाही." त्याने अर्ज उलटासुलटा केला. "इथे येणारा प्रत्येक जण म्हणतो माझी चूक झाली नाही. तुम्ही उलटे आलात." आत जाऊन तो कुणाशी तरी बोलला. "प्रात्यक्षिक द्यावं लागेल. बाई येतील, त्यांच्यासमोर करून दाखवायचं. जमलं नाही तर तास परत."

बेत सोपा होता: मुद्दाम चुकायचं. पहिलवानानेच शिकवायची तयारी दाखवली. "नवीन माणसं इथे चुकतात, भाऊ," म्हणत त्याने दादाला उचलताना कंबर कुठे चुकते, पाय कुठे अडकतो, ते दाखवलं. इतकं सफाईदार चुकला की आई म्हणाली, "वा!" चुकण्यातही हा माणूस माझ्या पुढे होता.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाई स्टुलावर बसल्या. आई दारात. पहिलवान भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा. माझ्याकडे बघून त्याने हळूच मान हलवली. धीर दिला मला. त्याने, मला!

आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, खड्ड्यात गेला बेत. हे काम साडेचार वर्षं माझं होतं. आज ह्यांना दाखवतोच.

मी जीव ओतून सगळं केलं. दादाला काखेत धरलं, एक-दोन-तीन म्हटलं, उचललं. खुर्ची मागे सरकली. ब्रेक लावायचा राहिला होता. दादा अर्धा पलंगावर, अर्धा माझ्यावर, आणि मी पूर्ण जमिनीवर. पहिलवान धावला, पण बाईंनी हाताने थांबवलं. नियम. मी सरपटत बाहेर आलो, त्याला कसाबसा बसवला. शर्ट घातला. दाढी करायला घेतली. हनुवटीखाली तीन ठिकाणी कागदाचे तुकडे चिकटवावे लागले, आणि तरी उजवीकडे एक पट्टा राहिलाच.

"आज घाई झाली का?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. धाप लागली होती. "नेहमीसारखंच केलं."

"नेहमीसारखंच," दादा म्हणाला. "साडेचार वर्षं."

बाईंनी लिहिणं थांबवलं. "तुम्ही कधी काही बोलला नाहीत?"

"तेव्हा हा एकटाच होता ना. बोललो असतो तर रडला असता. मग मला उठवायला कोण आलं असतं?"

पहिलवान खाली बघत होता. मला त्याचाही राग आला, कारण असल्या वेळी कुठे बघायचं हे त्याला बरोबर कळतं.

बाई गेल्यावर आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "काय अभिनय केलास रे! मला तर खरंच वाटलं."

"थँक्यू," मी म्हटलं.

दादा जरा वेळाने म्हणाला, "ब्रेक मुद्दाम विसरलास?"

"हो."

"आणि दाढी?"

"तीपण."

"बरं," दादा म्हणाला, आणि गळ्यावरचे कागद काढायला त्याने पहिलवानाला नाही, मला सांगितलं. एक काढताना परत रक्त आलं.

पत्र आठ दिवसांत आलं. 'कुटुंबातील काळजीवाहक अक्षम आढळून आल्याने बेचाळीस तास पूर्ववत.' खाली शिक्का, सही. आईने ते महत्त्वाच्या कागदांच्या प्लास्टिकच्या पिशवीत, माझ्या दहावीच्या निकालाशेजारी ठेवलं. दोन्ही मजकूर साधारण सारखेच आहेत. राजीनामा दादाने पहिलवानाकडून फाडून घेतला. फाडणं मला जमलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी मी दादाला शर्ट घातला. सगळी बटणं लावून मागे झालो तर एक काज वर उरलेलं आणि एक बटण खाली.

"थांब, परत लावतो."

"राहू दे, बोळ्या. आज कोण बघतंय." मग म्हणाला, "काल एक गंमत झाली. एक जण नवी गादी घेऊन लिफ्टमध्ये अडकला. आडवी मावत नव्हती म्हणून उभी धरलेली. मी म्हटलं, टेकून उभे राहा, मिस्त्री निघालाय. तो टेकला आणि झोपला. मिस्त्री आला तरी उठेना. मी फोनवर दहा मिनिटं घोरणं ऐकत बसलो."

"हे पहिलवानाला सांगितलंस?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काल तो लवकर गेला ना. तुलाच पहिल्यांदा."

मी दिवसभर फारच चांगला वागलो. संध्याकाळी आईने माझा ताप बघितला.

सोमवारी सकाळी पहिलवान आला आणि बाथरूमचं दार बंद झालं. मी टॉवेल शोधत होतो. आत दादा तीच गोष्ट सांगत होता, आणि शपथेवर सांगतो, त्याला जास्त रंगवून सांगत होता. गादी आता डबल झाली होती. मिस्त्री दोन होते. घोरणं अर्धा तास चाललं.

"आणि गादी कुठली माहितीये?" दादा म्हणाला. "माझ्या भावाच्या दुकानातली. त्यानेच विकलेली असणार. दुसऱ्या कुणी विकलेल्या गादीवर उभ्याउभ्या झोप लागते का?"

पहिलवान अगदी बरोबर जागी हसला. मी आणखी थोडा वेळ टॉवेल शोधला.