चालत आलेली गाडी

मॉडिफाइड गाड्यांच्या प्रदर्शनाचा दर्जा राखणं हे परीक्षक सुधींद्रअण्णांचं जीवितकार्य होतं. गेल्या वर्षी त्यांनी पहिला नंबर दिलेली गाडी टेम्पोत घालून आणलेली निघाली. म्हणून यंदा त्यांनीच नियम केला: गाडी स्वतः चालत स्टेजसमोर आली पाहिजे.

अकरा गाड्या आल्या, सगळ्या जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर. येलहंकाच्या मैदानाच्या फाटकातला स्पीडब्रेकर एकीलाही ओलांडता येईना.

"अण्णा, स्वल्प बाहेर येऊन बघा की!" प्रणीत आपल्या गाडीतून ओरडला. "वर्षभर राबलोय हो!"

"मग स्वल्प आत ये की. नियम म्हणजे नियम."

संध्याकाळी स्टेजसमोर एकच गाडी होती. तिला पहिलं बक्षीस मिळालं. अण्णांच्या पत्नी, अहल्याक्का, तिच्यातून त्यांचा डबा घेऊन आल्या होत्या.