हवेत टिकणारं संयुग

डॉ. उदयसिंह सरांना विभागप्रमुख कोणी केलं, हे पनवेलच्या आमच्या कॉलेजात कुणालाच सांगता येत नसे. दुर्दैवाने माझ्या पीएच.डी.चे गाइडही तेच. प्रयोगशाळेत ते वर्षातून एकदाच यायचे, खंडेनवमीला, उपकरणांची पूजा करायला.

माझं काम फॉस्फरसवर होतं. एरवी तीन नाहीतर पाच संयुजा दाखवणाऱ्या या मूलद्रव्याला मी संयुजा एकवर आणून निकेलशी बांधू पाहत होते, त्यांचं संयुग, म्हणजे कॉम्प्लेक्स, बनवायला. आठ महिने हाडं झिजवल्यावर, १९९१च्या नवरात्रात, फ्लास्कमध्ये नारिंगी स्फटिक दिसले. हवा लागली की त्यांचा खेळ खलास, म्हणून सिलिंडरमधून रबरी नळीने नायट्रोजन सोडून ठेवला होता. सोमवारी मुंबईत क्ष-किरणांनी त्यांची रचना तपासायची होती. माझा सगळा प्रबंध त्या चिमूटभर स्फटिकांवर होता.

खंडेनवमीला दुपारी पोचले तेव्हा पूजा उरकली होती. सिलिंडरला झेंडूचा हार, फ्लास्कला कुंकू. नळी मात्र टेबलाखाली पडलेली. फ्लास्कमध्ये मळकट हिरवी पूड होती.

"हार घालाया नली आड येत व्हती," आमचा जासईचा शिपाई बळीराम खाली मान घालून म्हणाला. "मी बोललो, मॅडमला इचारा. सर बोलले, तुला काय कलतंय?"

बळीरामला कळत होतं. तो दहावी नापास होता.

सर पेढा चघळत आले. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं आणि फ्लास्क उजेडात धरला.

"अगं चारुता, सकाळपासून उघडं आहे, तरी पूड जशीच्या तशी. म्हणजे आपलं कॉम्प्लेक्स हवेत स्थिर आहे. असं कुणाला जमलंय?"

"सर, कॉम्प्लेक्स उरलंच नाही. हा त्याचा ऑक्साइड झालाय."

"तुझी मुदत मार्चला संपते ना? मग पुन्हा आठ महिने कुठून आणणार?"

या माणसाची मला शिसारी आली. असा ठोंब्या खुर्चीत बसतो आणि आम्ही त्याला सर म्हणतो, याचीही आली.

सोमवारी मी मुंबईला गेले नाही. फेब्रुवारीत प्रबंध टाइप करून घेतला. चौथ्या प्रकरणात लिहिलं आहे, 'हे संयुग हवेत स्थिर राहते.' खाली माझी सही आहे. सरांना निदान ते खरं वाटत होतं.