डब्याचं वजन

दोन हजार चार साल. आत्याच्या भाच्याला दहा वर्षांची शिक्षा झाली ती त्या वर्षी. खोलीत गांजाचा डबा सापडला आणि वजन भरलं एक किलो दोनशे. किलोच्या वर दहा वर्षांपर्यंत, खाली फार तर सहा महिने. आणि खटला संपेपर्यंत सव्वा वर्ष तर तो आत काढून बसला होता. वर "गांजा माझाच" म्हणून कबूलही केलेलं.

"खरं बोलायला हाच मुहूर्त सापडला मेल्याला!" आत्या म्हणाली.

अपिलाची वकीलबाई अगदी कोवळी. तिने कागद पसरले. तीस वर्षं किराणा दुकानात तराजूमागे बसलेल्या आत्याने कागदांकडे ढुंकूनही पाहिलं नाही; पाहिला तो फोटो. पोलिसांच्या काट्यावर डबा.

"अगं बाई, हा तर माझा साखरेचा डबा! चोरट्याने कधी नेला?"

"आत्या, डबा कुणाचा हा मुद्दा नाही."

"डब्यासकट तोललंय की गं! रिकामा डबा चारशे दहा. बुडाला खिळ्याने कोरलंय मी."

वकीलबाई खुर्चीतून उडालीच.

सरकारी वकील म्हणाले, लिहिलंय ते निव्वळ वजन. जज्जसाहेबांनी मुद्देमाल आणि काटा, दोन्ही मागवले. भाच्याच्या आईने आत्याचा हात घट्ट धरला. "वन्सं, आकडा चुकीचा निघाला तर?"

"वहिनी, तीस वर्षं गिऱ्हाइकं त्या आकड्यावरून भांडली. एक जिंकलं नाही."

भरला डबा काट्यावर ठेवला: बरोबर बाराशे. मग तो कागदावर उपडा झाला. जज्जसाहेब तीनदा शिंकले. बुडाला ४१० स्पष्ट होतं, पण रिकाम्या डब्याला काटा थांबला चारशे अठरावर.

आत्या ताडकन उठली. "भोक पडलं म्हणून मागाहून कथलाचा डाग दिलाय त्याला! आठ ग्रॅम डागाचे! मी खोटी नाही!"

"बाई, बसा खाली. ते आठ ग्रॅम तुमच्याच बाजूचे आहेत. गांजा उरला सातशे ब्याऐंशी."

सगळं कोर्ट खो खो हसलं. सरकारी वकीलसुद्धा. पिंजऱ्यातला भाचा हसता हसता रडायला लागला.

संध्याकाळी तो घरी जेवायला होता.

वकीलबाई पुढे स्वतः जज्ज झाली. वजनाचा पुरावा आला की आधी भांडं उपडं करायला लावायची. वहिनी नातवंडं खेळवून गेल्या. भाच्याने दुकान सांभाळलं आणि विडीलाही परत शिवला नाही. डबा मात्र सरकारजमा झाला. आत्या मरेपर्यंत दर वर्षी अर्ज करायची: डबा परत मिळावा, वजन ४१८.