माझा बोल्ट मर्लकडे आहे

मी ऑरिन स्कागच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची रायफल बोलतेय. दचकू नका, मी कुणाला काही करू शकत नाही. माझा बोल्ट सध्या जागेवर नाही. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून नळीचं मागचं तोंड घट्ट बंद करणारा लोखंडी दांडा. तो नसला की माझ्यात आणि काठीत फारसा फरक उरत नाही.

माझा जन्म काही एका दिवशी झाला नाही. माझा सांगाडा एका जुन्या लष्करी रायफलीचा. कुणीतरी अंगणात जुनं सामान विकायला मांडलं होतं, त्यात तो गंजून पडला होता. नळी एका नेमबाजाने काढून टाकलेली, पण आतून अजून धड. खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड मर्ल डोबिन्सच्या, म्हणजे ऑरिनच्या शेजाऱ्याच्या गोठ्यात धूळ खात होतं. ऑरिन सॉ मिलमध्ये करवतींना धार लावायचा. पगार बेताचा, हौस मात्र दांडगी. बायकोसाठी, नोरीनसाठी, त्याला अचूक रायफल हवी होती आणि दुकानातली परवडत नव्हती. म्हणून घरातल्या दोन्ही बंदुका विकून त्याने मला बनवायला घेतलं.

दोन हिवाळे लागले. सांगाड्यावर मेणबत्तीची काजळी धरायची, तो लाकडात बसवून पाहायचा, काळं उमटेल तिथं केसभर खरवडायचं, आणि पुन्हा काजळी. बोल्ट तर त्याने इतका घासून बसवला की आता मला दुसरा कुठलाही चालत नाही. मधूनच तो नोरीनला हाक मारायचा.

"अगं, ये इकडे. खांद्याला लावून बघ."

"माझे हात पिठाचे आहेत."

"असू देत. दस्त्याची लांबी कळली पाहिजे."

"लग्नाचा झगा शिवताना आईनंसुद्धा एवढी मापं घेतली नव्हती!"

मर्ल येऊन बसायचा आणि माझी टिंगल करायचा. "भंगारवाल्याची पोर" हे माझं नाव त्यानेच पाडलं. पण पहिल्या दिवशी शंभर यार्डांवर नोरीनने तीन गोळ्या मारल्या आणि तिन्ही भोकं पाव डॉलरच्या एका नाण्याखाली झाकली गेली. मर्लने निशाणाचा कागद खाली काढला.

"हा कागद मला दे, नोरीन. घरी लावतो."

"कशाला?"

"बायकोला सांगतो, मी मारल्या."

त्यानंतर नऊ शरद ऋतू नोरीन मला घेऊन बिटररूटच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला गेली. एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबर. दरवर्षी एक, तेही एकाच गोळीत. जनावर पडलं की ती आधी त्याच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ बसायची, मग सुरी काढायची. त्या मांसावर दोघांचा हिवाळा निघायचा. मी चुकत नाही याचा मला गर्व होता, कबूल करते. दुकानातल्या चकचकीत रायफली पाहिल्या की मला हसू यायचं.

दहाव्या वर्षी तिला मी उचलेना. पोटात गाठ निघाली होती. नाताळच्या आधी ती गेली.

शेजाऱ्यांनी भांडी भरभरून जेवण आणलं, ऑरिनने ती तशीच दारापाशी ठेवली. दाढी वाढली. फोन वाजून वाजून थांबायचा. मर्ल आला की हा "ठीक आहे" म्हणायचा आणि मर्ल परत जायचा. माणसं असंच करतात. खरं विचारायची वेळ आली की बर्फाबद्दल बोलतात.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ऑरिनने मला भिंतीवरून काढलं आणि टेबलावर ठेवलं. माझ्या अंगावर हात ठेवून तो बसून राहिला. हा हात दोन हिवाळे माझ्या अंगावर फिरला होता, त्याने मला लाकडाच्या भुश्यातून जन्माला घातलं होतं. त्या दिवशी तो हात परका वाटला. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या अचूकपणाची भीती वाटली. ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

दार न वाजवताच मर्ल आत आला. हातात रश्श्याचं पातेलं होतं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं.

"फेब्रुवारीत ही टेबलावर काय करतेय?"

"पुसतोय."

"तेल कुठंय? चिंधी कुठंय?"

ऑरिनने हात माझ्यावरून काढला नाही. मर्लने पातेलं खाली ठेवलं आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला.

"गसच्या टेबलावर अशीच होती," तो म्हणाला. गस त्याचा धाकटा भाऊ. "मी पाहिली. मला कळलं. आणि मी त्याच्याशी गायींच्या गप्पा मारून घरी गेलो. चौथ्या दिवशी त्याला पुरला. ऑरिन, बोल्ट दे."

ऑरिनचा चेहरा लाल झाला. या डोंगरात माणसाकडे त्याची रायफल मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच.

"माझी रायफल मागतोस? माझ्या घरात बसून?"

"रायफल राहू दे तुझ्याकडेच. फक्त बोल्ट दे."

"बोल्ट काय, दुसरा मिळतो."

"हिला नाही चालत. तूच मला शंभर वेळा ऐकवलंयस. कान किटले माझे."

ऑरिन हसला. मग ते हसू तुटलं आणि तो टेबलावर डोकं टेकून रडायला लागला, नोरीनच्या दफनालाही रडला नव्हता तसा. मर्लने त्याला अडवलं नाही. बऱ्याच वेळाने ऑरिनने माझा बोल्ट मागे ओढला, काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. मर्लने तो आपल्या लोकरीच्या हातमोज्यात घालून खिशात टाकला. "आता जेव," तो म्हणाला. दोघं जेवले.

दुसऱ्या दिवशी मर्ल त्याला गाडीत घालून गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. नंतर दर गुरुवारी. ऑरिन कधी जायचा, कधी "मसणात जा" म्हणून दार लावून घ्यायचा. मर्ल पायरीवर बसून राहायचा. तो पार बरा झाला असं मी म्हणणार नाही. तो अजूनही दोन कप मांडतो आणि एक उचलून ठेवतो.

गेल्या आठवड्यात शिकारीचा हंगाम उघडला. मर्ल आला, हातमोजा टेबलावर ठेवला. हातमोज्याच्या तोंडातून दिसणारा माझा बोल्ट तेलाने चकाकत होता.

"हवा का?" त्याने विचारलं.

ऑरिनने बोल्टवरून अंगठा फिरवला. मग त्याने हातमोजा हळूच मर्लकडे सरकवला.

"अजून नको. माझा भरवसा नाही."

"मग कधी?"

"मी मागेन."

"आणि नाही मागितलास तर?"

"तर तू विचारायला येत जा."

मी अजून भिंतीवरच आहे. मला बनवणाऱ्याची एवढी मेहनत वाया गेली म्हणून कुणी हळहळू नका. तुमच्या ओळखीच्या कुठल्या घरात अवेळी असं काही टेबलावर दिसलं, तर बर्फापाण्याच्या गप्पा मारून परत फिरू नका, तोंडावर विचारा. माझा बोल्ट कधी परत आला नाही तरी चालेल. मर्ल मात्र येत राहिला पाहिजे.