गोलमध्ये कोण

अभिरामने फेकलेले हातमोजे प्रितमने झेलले नाहीत. ते त्याच्या छातीला लागून प्लास्टिकच्या गवतावर पडले.

"आज मी गोलमध्ये नाय."

"का रे? काय झालं?"

"काय नाय. पुढं खेळतो आज."

अभिराम हसला. टीमचा कॅप्टन तो, ऑफिसात हाताखाली चाळीस माणसं. "पहिला हाफ थांब, मग बघू."

हे 'बघू' प्रितम दोन वर्षं ऐकत होता.

फुटबॉलची ही टीम घणसोलीतल्या एका टॉवरची. सहा जण लागायचे, पण रविवारी सकाळी साडेसहाला नेमाने उठणारे सोसायटीत पाचच. म्हणून सहावा शेजारच्या तळवली गावातून आणलेला. पायात चेंडू आला की समोरच्या चौघांना फिरवून आणणारा हा माणूस त्यांनी दोन वर्षं दोन खांबांच्या मधे उभा करून ठेवला होता. कारण सरळ होतं. चेंडू अंगावर घ्यायला कोणालाच नको होता.

टीमचे नियम अभिरामने ग्रुपवर पिन केलेले. आधी दहा मिनिटं वॉर्म-अप. लांब खिळ्यांचे बूट नकोत, या गवतात रुततात आणि गुडघा फिरतो. घसरत जाऊन पाय घालायचा नाही. नडगीला गार्ड. अंगठी, घड्याळ बाहेर. दुखलं की बसायचं, हिरोगिरी नको. नियम चांगले होते. पाचही जणांची हाडं त्यांनी सांभाळली होती. फक्त गोलकीपरबद्दल त्यात एक ओळ नव्हती. प्रितमची उजवी करंगळी दोनदा निखळली होती आणि दोन्ही वेळा टाळ्या वाजल्या होत्या, कारण गोल वाचला होता.

उद्या त्याची ट्रायल होती. पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं तो हेल्पर, लेथ मशिनखालचा लोखंडाचा चुरा उपसणारा. उद्या मालकासमोर एका दांड्यावर आटे कापून दाखवायचे. जमलं तर ऑपरेटर. नाही जमलं तर दुसरा एक जण टपलेलाच होता. पायाला लागलं तरी लंगडत लेथसमोर उभं राहता येतं. बोट सुजलं की खेळ खलास.

गेटवर त्याने हे फक्त सुधीरकाकांना सांगितलं होतं. पन्नाशीचा, बँकेतला, टीममधला सगळ्यात हळू पळणारा माणूस.

"मग घरी बसायचंस ना आज," काका म्हणाले होते.

"घरी बसलो तर रात्रीपर्यंत डोकं फिरंल, काका. धावलो की बरं वाटतं."

मोजे अजून खाली पडलेले. जाळीपलीकडे उलव्याची टीम अंग मोकळं करत होती.

"पार्थ, तू जा," अभिराम म्हणाला.

"मी? उद्या आमचं रिलीज आहे, बॉस. टायपिंग कोण करणार?"

"प्रसाद?"

"माझं मनगट माहितीये ना तुला. डॉक्टरने सांगितलंय."

"आणि माझा चष्मा," पाचवा न विचारताच म्हणाला.

प्रत्येकाकडे कारण होतं आणि एकही खोटं नव्हतं. प्रितम ऐकत राहिला. दोन वर्षांत आपल्यालाही कारण असू शकतं असं यांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, हे त्याला आता, मोज्यांकडे बघताना, नीट कळलं. तो वाकून बुटाची लेस बांधू लागला. ती सुटलेली नव्हती.

सुधीरकाकांनी मोजे उचलले. एकेक बोट घालत ते गोलमध्ये जाऊन उभे राहिले.

खेळ सुरू झाला आणि प्रितम सुटला. हात अंगाशी घेऊन पळायचा, गर्दीत शिरायचा नाही, धक्का दिसला की चेंडू सोडून द्यायचा. तरी पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल त्याचे.

"साला हा पुढं एवढा भारी खेळतो?" पार्थ म्हणाला. तो खरंच चकित झाला होता.

पंधराव्या मिनिटाला उलव्याच्या आकाशने जवळून मारला. काकांनी हात पुढे केले, बोटं उघडी ठेवून. नवीन माणूस हेच करतो. चेंडू लागल्याचा आवाज झाला आणि काका मनगट धरून खाली बसले. मधलं बोट भलतीकडे वळलं होतं.

प्रसादने गाडीची किल्ली काढली. कोणी बर्फ आणला.

"पाच मिनिटं बसू दे मला, मग जाऊ," काका म्हणाले. ओठ पांढरे पडले होते. पार्थने हळूहळू मोजे काढून त्यांच्या बाजूला बाकावर ठेवले.

अभिरामने बाकावर काढून ठेवलेलं घड्याळ बघितलं. "प्रितम, वीस मिनिटं राहिलीत. जा ना यार गोलमध्ये. तुला सवय आहे."

"सवय कसली? बोट तुमच्यासारकंच हाय माझं."

"अरे, पण कोणीतरी उभं राहायला हवं ना."

अभिराम मोजे घ्यायला वळला. काकांनी चांगल्या हाताने ते उचलले, मांडीखाली सारले आणि त्यांच्यावर बसले. अभिराम त्यांच्याकडे बघतच राहिला. काका समोर, मैदानाकडे बघत होते.

"गोल रिकामा ठेवा," प्रितम म्हणाला. "मी उभा राहनार नाय."

"रिकामा? मग मॅच कसली ती?"

"तुमी उभे राहा."

अभिरामने रिकाम्या गोलकडे बघितलं. पण तिकडे गेला नाही.

आकाश एवढा वेळ चेंडूवर पाय ठेवून उभा होता. "आमचापन काढतो मग," तो म्हणाला. "बराबर होईल. ज्ञानू, ये रे बाहेर."

पलीकडच्या गोलमधून चाळिशीचा, सडपातळ माणूस आला. त्याने मोजे काढून जाळीला अडकवले. तळव्यांवर सिमेंटने पडलेल्या भेगा होत्या. "खरंच येऊ?" त्याने दोनदा विचारलं.

दोन्ही गोल मोकळे. प्रसाद काकांना घेऊन गेला, उलव्याचेही दोघं बाहेर बसले, बाकीचे खेळू लागले. लांबून मारलेला चेंडू मधे उसळला आणि त्याच्यावर दोन बाजूंनी प्रितम आणि ज्ञानू धावून आले. हातभर अंतरावर दोघंही थांबले.

"तू घे," ज्ञानू म्हणाला. "मला उद्या सहाव्या माळ्यावर लादी लावायची हाय."

"माजी ट्रायल हाय. तूच घे."

"काय चाललंय तुमचं?" मागून अभिराम ओरडला.

ज्ञानूने चेंडूला बुटाच्या टोकाने हलकेच ढकललं, दोघांपासूनही लांब, मोकळ्या जागेत. मग दोघं एकदमच पळत सुटले, मधे हातभर अंतर ठेवून.