शकूचा मेमो

“चावी माझ्याकडं, म्हनून चोरही मीच! माशांचा वास कुनाला आलाच नाही जनू!”

पडद्यामागे लसींचे डबे पुसताना नर्स शकू पुटपुटली, आणि अलीकडे बसलेल्या डॉक्टर वसुंधराबाईंचा चहाचा कप तोंडाशीच थांबला.

सोमवारी आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज उघडा सापडला होता. पोलिओचे सगळे डोस वाया गेले. प्रमुख या नात्याने बाईंनी शकूला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं, मेमोही लिहिला. सही तेवढी बाकी होती.

वास! बाईंना लख्ख आठवलं. शनिवारी कळंबच्या एका बाळंतिणीच्या सासूने प्रेमाने पापलेटं आणून दिली होती. घरी जाईपर्यंत टिकावीत म्हणून बाईंनी शकूकडून चावी मागून मासे त्याच फ्रिजमध्ये ठेवले. लसींखेरीज आत पाण्याची बाटलीसुद्धा ठेवू नये, ही सूचना दारावर त्यांच्याच सहीची. निघताना घाईत पिशवी ओढली, दार लागलं की नाही ते पाहिलंच नाही. आणि घरी बोटं चाटून जेवल्या!

मेमो गुपचूप फाडता आला असता. पण शकूची अब्रू गेली होती ती चारचौघांत. बाईंनी सगळ्यांना बोलावलं.

“जाऊ द्या ना मॅडम, झालं ते झालं,” कंपाउंडर सदानंद घाईघाईने म्हणाला. म्हणजे यालाही ठाऊक होतं!



“जाऊ कसं देऊ? शकूताई, फ्रिज तुम्ही नाही, मी उघडा टाकला. माझ्या पापलेटांपायी.”